कराटेचा हात आणि कापोएराची टाच

कापोएरा शिकायचंय, पण कराटे सोडायचं नाही. दोन्ही एकत्र जमेल का, असं विचारणारी पोरं आता सांगलीच्या विश्रामबागेतही भेटतात. मोबाईलवर त्यांनी ब्राझीलमधल्या या विद्येचे व्हिडिओ बघितलेले असतात. टाळ्या वाजवत गोल उभे राहिलेले लोक, मधे दोघं, हात जमिनीवर, पाय हवेत. बघून अंगात संचारतंच. माझं उत्तर ‘हो’ असं असतं, पण ‘लगेच नको’ हेही मी त्याला जोडून सांगते. मी इथेच कराटे शिकत मोठी झाले, चुलत्यांमुळे घरात तालमीचं वारं होतं आणि कापोएरा नोकरीच्या काळात पुण्यात शिकले. या तिन्हींचा मेळ घालताना काय काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून हे लिहिते आहे.

पुण्यातल्या ज्या वर्गात मी सुरुवातीला जात होते, तिथे नव्या माणसालाही लगेच जोडीने खेळायला उतरवत. आमच्यात एक मुलगा होता, कराटेचा ब्लॅक बेल्ट, चपळ, मेहनती. समोरच्याने हात जमिनीला टेकवून टाच गोल फिरवली. या लाथेला मेया लुआ दे कोंपासो म्हणतात. तिच्यात डोकं खाली जातं, कंबर फिरते आणि सगळ्या अंगाचा जोर टाचेत उतरतो. टाच येताना दिसली आणि मुलाने अनेक वर्षांच्या सवयीने हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. कोपर आणि मनगट यांच्या मधे, बरोबर जिथे कराटेत आपण वार अडवतो तिथे.

त्या मुलाचा हात जे शिकला होता तेच त्याने केलं. ही लाथ अडवायची नसते, तिच्याखाली बसायचं असतं किंवा तिच्याच दिशेने सरकून निघायचं असतं, हे त्याला शिकवणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं. पुढे मी तो वर्ग सोडला आणि दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात केली. तिथे बरेच दिवस आम्हाला लाथ मारूच दिली नाही. नुसतं चुकवायला शिकवलं.

दोन विद्या एकत्र करताना खरी अडचण डावांची नसतेच. डाव डोक्याने लक्षात राहतात. अडचण येते ती घाईच्या क्षणी शरीर आपलं आपण जे करतं त्याची. कराटे करणारा हात आडवा घालतो किंवा सरळ मागे सरकतो. कुस्तीगीर पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, वाकतो, आणि फिरणारी टाच नेमकी त्याच्या कानशिलाच्या उंचीवर येते. मल्लखांब केलेल्या मुलाला उलटं होण्याची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. पण हात टेकून पाय वर गेले की त्याचे गुडघे सरळ राहतात, चवडे ताणलेले असतात आणि पोट उघडं पडतं. कापोएरात अशा उघड्या पोटावर समोरचा सरळ डोकं घालतो. म्हणून तिथे उलटं होतानाही गुडघे दुमडलेले ठेवायचे आणि नजर हातांकडे किंवा जमिनीकडे न ठेवता समोरच्यावर ठेवायची.

गुडघ्याबद्दल तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कराटेच्या झेनकुत्सु-दाची या पवित्र्यात मागची टाच जमिनीला घट्ट टेकलेली असते. आमच्या सरांनी ती टेकवून घ्यायला आमच्यामागे किती तगादा लावला असेल! कापोएराचा पाया म्हणजे जिंगा, सतत डावी-उजवीकडे झुलत राहण्याची चाल. तिच्यात मागचा पाय चवड्यावर असतो आणि टाच उचललेली. कराटेवाला जिंगा करायला लागला की टाच आपोआप टेकते. मग कंबर वळते, पाऊल जागेवर रुतून बसतं आणि सगळा पीळ गुडघ्याला पडतो. त्या दिवशी काही कळत नाही. दुखणं नंतर सुरू होतं आणि मग जिना उतरताना रोज आठवण करून देतं. आरशासमोर, संथ, फक्त मागच्या टाचेकडे बघत जिंगा करा. कंटाळवाणं आहे, पण गुडघे एकदाच मिळतात.

मनगटांचंही तसंच. एरवी दिवसभर मनगटाचं काम पेन धरणं, गाडी चालवणं, मोबाईल बघणं एवढंच. त्याच्यावर एकदम अंगाचा भार टाकला तर ते सुजणारच. जोर मारायची सवय असेल तर खांदे तयार असतात, मनगटं थोडीफार. नसेल तर आधी गुडघे टेकून, तळवे जमिनीवर ठेवून पुढे-मागे डोलायचं, मग बोटं उलटी वळवून तसंच, आणि काही आठवडे गेल्यावर हळूहळू पाय उचलायचे. विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला किंवा नेमिनाथनगरात सरावाला जागा मिळते, पण आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. सुरुवात हिरवळीवर किंवा मॅटवर करा.

दोन विद्या एकत्र करूच नयेत, असं मी म्हणत नाही. कापोएराचा इतिहासच मिसळण्याचा आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या माणसांच्या वस्त्यांत ही विद्या वाढली. 1890 च्या दंडसंहितेने तिला गुन्हा ठरवलं, तरी ती मेली नाही. बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरात मेस्त्रे बिंबा यांनी तिला शाळेचं रूप दिलं. त्यांचे वडील बातुकी नावाच्या, पायाने समोरच्याला पाडायच्या खेळात पटाईत होते. बिंबांनी त्यातले डाव कापोएरात आणले आणि 1937 मध्ये त्यांच्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. पण सरमिसळ करणारा हा माणूस आधी कापोएरात पक्का मुरलेला होता. आणि नव्या शिष्याला ते काय शिकवत? त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून जिंगा. त्यानंतर जोडीने करायचे ठरलेले क्रम. त्याच शहरात 1941 साली मेस्त्रे पास्तिन्या यांनी जुन्या, संथ, जमिनीलगतच्या अंगोला शैलीची शाळा उभी केली. तुम्ही ज्या वर्गात जाल तो यांपैकी कुठल्या वाटेचा आहे, ते विचारून घ्या, कारण शिकण्याचा क्रम त्यावर ठरतो.

अनोळखी विद्येसमोर पट्टीचा माणूसही कसा फसतो, याचं उदाहरण 1909 सालचं आहे. रिओ दि जानेरोत सादा मियाको या जपानी जुजुत्सुपटूसमोर सिरियाको हा कापोएरा खेळणारा उभा राहिला आणि एका फिरत्या लाथेने त्याने लढत संपवली. मियाको कच्चा नव्हता. तशी लाथ त्याच्या विद्येत नव्हती.

याची दुसरी बाजू आपल्या मातीत बघायला मिळते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतले पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर ते सहावे आले. त्यानंतर चार वर्षं मॅटची कुस्ती अंगात मुरवली आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नसतो. म्हणजे पट काढणं बंद! तरीही जमलं, कारण पाया इतका पक्का होता की एक सवय बाजूला ठेवली तरी अंग डळमळलं नाही. आमचे चुलते म्हणायचे, ‘पोरी, आधी मांड पक्की कर, डाव काय पळून जात न्हाईत.’

म्हणून माझा सल्ला असा. एक विद्या मुख्य धरा, दुसरी पाहुणी. निदान पहिलं वर्ष पाहुणीला तिच्या घरच्या नियमांनीच वागवा: कापोएराच्या वर्गात कराटेचा हात नको, कराटेच्या कुमितेत, म्हणजे जोडीच्या लढतीत, जिंगा नको. दोन्ही सराव एकाच दिवशी ठेवू नका. थकलेलं अंग जुन्या सवयीकडेच जातं. वर्षानंतर मेळ आपसूक बसायला लागतो. कुस्तीतली टांग आणि कापोएरातली रास्तेइरा, म्हणजे पायाने समोरच्याचा पाय ओढून पाडणं, एकमेकींना ओळखतात, कारण दोन्हींत समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे वाचावं लागतं. ज्युदोचं पडणं सगळीकडे उपयोगी पडतं, ते जमलं तर आधी शिकून घ्या. मात्र कुणाला फक्त स्वसंरक्षणासाठी काही शिकायचं असेल, तर मी कापोएरा सुचवत नाही. ज्युदो किंवा बॉक्सिंग लवकर कामाला येतं.

आणि संगीताला दुय्यम समजू नका. आपल्याकडे मैदानात हलगी कडाडली की पैलवानाच्या अंगावर काटा येतो. कुंडलच्या मैदानात उभं राहिलेल्याला हे सांगायला नको. हलगी चेव आणते. कापोएरातलं बेरिंबाउ, म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेलं एकतारी वाद्य, त्याहून वेगळं काम करतं. खेळ संथ की जलद, जवळून की लांबून, हे ते ठरवतं आणि खेळणारे एकमेकांच्या अंगावर जायला लागले तर त्यांना वाद्यापाशी बोलावून थांबवतं. त्याचा ताल न ऐकणारा माणूस जोडीदाराला इजा करतो. ज्या वर्गात वाद्य नुसतं स्पीकरवर वाजतं आणि त्याचा अर्थ कुणी समजावत नाही, तिथे हा लगाम नसतो.

मुंबई-पुण्यात कापोएराचे वर्ग आहेत. सांगलीहून जाणं-येणं सोपं नाही, त्यामुळे सुट्टीत जाऊन पाया घालायचा आणि इथे येऊन तो घोटायचा, हा मार्ग बऱ्याच जणांना धरावा लागेल. पण पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून बघा. नव्या मुलाला पहिल्या दिवशी लाथ शिकवतात की चुकवणं? तुम्ही आधी काय शिकलात, कुठे दुखतं, हे कुणी विचारलं का? शिकवणारा कुणाकडे शिकला, कुठल्या गटाचा आहे, हे सरळ सांगतो का? कापोएरातली रंगीत दोरीची पदवी किती महिन्यांत मिळेल, हेच आधी सांगत असतील तर उठून या. आणि आई-वडिलांनो, पोरगं पहिले महिने नुसतं झुलतंय, लाथ एकही शिकलेलं नाही, म्हणून त्याचा वर्ग बदलू नका.