आयईएलटीएसचा क्लास काढताय? आधी तपासणीचे तास मोजा

क्लासेसच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ‘सर, माझं इंग्रजी बरं आहे, पोवई नाक्याजवळ एक खोली मिळतेय, आयईएलटीएसचा क्लास काढू का?’ सांगलीवाले पोवई नाक्याऐवजी विश्रामबाग म्हणतात, एवढाच फरक. माझं उत्तर आहे, काढा. पण खोली बघायच्या आधी वही घ्या आणि तपासणीचे तास मोजा. कारण या धंद्यात तुम्ही शिकवणं विकत नाही, तपासणी विकता.

कसं ते सांगतो. आधी परीक्षा थोडक्यात. आयईएलटीएस १९८९ पासून चालू आहे. भारतातला ब्रिटिश कौन्सिलचा आयईएलटीएसचा व्यवसाय आयडीपीने २०२१ मध्ये घेतला, त्यामुळे आपल्याकडची पोरं आता आयडीपीकडेच बुकिंग करतात. चार विभाग असतात. लिसनिंगला ४० प्रश्न, रीडिंगला एक तासात ४० प्रश्न, रायटिंगला एक तासात दोन लेखनं (एक किमान १५० शब्दांचं, दुसरं २५० चं, आणि दुसऱ्याला दुप्पट वजन), आणि स्पीकिंग म्हणजे परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटं. शून्य ते नऊ असे बँड, अर्ध्या अर्ध्याच्या पायरीने. फी आजच्या घडीला १७-१८ हजारांच्या घरात जाते आणि निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणजे एक अटेम्प्ट वाया गेला की घरातला महिन्याचा पगार गेला. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आता बघा, लिसनिंग आणि रीडिंगला उत्तरपत्रिका असते. विद्यार्थी घरी बसून पेपर सोडवतो, स्वतः तपासतो. ४० पैकी ३० बरोबर आले की साधारण ७ बँड, २३ आले की ६ (जनरल ट्रेनिंगच्या रीडिंगला यापेक्षा जास्त लागतात). सरावाचे पेपर फुकटात मिळतात, केंब्रिजची जुन्या पेपरांची पुस्तकं बाजारात आहेत. यासाठी तुमच्याकडे कोण कशाला पैसे भरेल? पण रायटिंग आणि स्पीकिंगचं तसं नाही. आपण लिहिलेला निबंध साडेपाचचा आहे की साडेसहाचा, आणि साडेपाचचा असेल तर नेमका कशामुळे, हे पोराला स्वतःला कळत नाही. ते सांगणारा माणूस म्हणजे तुम्ही. फी त्याची.

‘आता एआय तपासून देतंय की’ असं म्हणाल. देतंय. व्याकरण छान सुधारून देतंय. पण पोरं काय करतात, तो सुधारलेला निबंध वाचतात, ‘भारी झालाय’ म्हणतात आणि पुढच्या निबंधात तीच चूक परत करतात. त्याने दिलेल्या बँडवर तर मी एक रुपयाही लावणार नाही. शेजारी बसून ‘हे वाक्य तू का लिहिलंस?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.

वहीतलं गणित

बीबीएला बॉटलनेक नावाचा धडा होता. तो मला कळला दुकानात. परीक्षेच्या दिवसांत काउंटरवर पोरं कितीही वाढवा, झेरॉक्स मशीन एकच असेल तर रांग तेवढीच राहते. या धंद्यातलं झेरॉक्स मशीन म्हणजे तुमचे तपासणीचे तास.

समजा सहा आठवड्यांची बॅच आहे, ८ विद्यार्थी, फी ९,००० रुपये. जमा ७२,०००. खोलीभाडं, पुस्तकं, प्रिंट, नेट, थोडी जाहिरात मिळून २४,००० धरा. उरले ४८,०००. आता तास मोजा. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे शिकवण्याचे ६० तास. प्रत्येकाचे आठवड्याला दोन निबंध, नीट तपासायला एकाला २० मिनिटं, म्हणजे सहा आठवड्यांत ३२ तास. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा अर्धा तास एकट्याला बसवून स्पीकिंग, त्याचे २४ तास. सुरुवातीची चाचणी प्रत्येकी एक तास, ८ तास. एकूण १२४. तासाला पडले ३८७ रुपये.

‘मग ८ कशाला, २० घेऊ, फी ६,००० करू.’ करा. जमा १,२०,०००. मोठी खोली, जास्त प्रिंट धरून खर्च ३४,०००. उरले ८६,०००. आकडा बघून मन खूश होतं. पण तपासणी ८० तास, स्पीकिंग ६० तास, चाचण्या २० तास, शिकवणं ६० तास. एकूण २२० तास. तासाला ३९१ रुपये! म्हणजे अडीचपट पोरं घेऊन तासाला चार रुपये वाढले. मोठ्या बॅचमध्ये खरा फायदा एकाच मार्गाने होतो, तपासणी खाऊन टाकली तर. आणि बरेच जण तेच करतात. पहिल्या आठवड्यात निबंध तपासतात, दुसऱ्यात वरवर टिक मारतात, तिसऱ्यात ‘ग्रुपवर मॉडेल आन्सर टाकलंय, बघून घ्या’. पुण्यात हे खपूनही जाईल, तिथे रोज नवीन पोरं येतात. आपल्याकडे मात्र मिरजेतल्या एका हॉस्टेलवर तीन पोरी साडेपाचवर अडकल्या की अख्ख्या हॉस्टेलला कळतं.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचं भाडं, तुमची फी घालून स्वतः मांडा. निबंधाचा वेळ मात्र २० मिनिटांच्या खाली आणू नका.

आपली पोरं कुठे अडकतात

इथे तुमचा खरा फायदा आहे. बाहेरचा ऑनलाइन क्लास सगळ्या देशाला एकच धडा देतो. तुम्हाला मराठी माध्यमाचं पोरगं कुठे घसरतं ते माहीत असतं, कारण तुम्ही त्याच वर्गात बसलेले असता. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे आजचं विसाव्या वर्षातलं पोरगं दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं आहे. वाचता येतं, पेपर सोडवता येतो. पण तोंड उघडून सलग दोन मिनिटं बोलायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते.

मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ गळतात. नियमांची यादी पाठ करून घेऊ नका. निबंध झाल्यावर शेवटची दोन मिनिटं फक्त नामांवर बोट ठेवत वाचायला लावा. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘डिस्कस अबाउट’, ‘मायसेल्फ अमुक’ या तर घराघरातल्या चुका. लिसनिंगमध्ये शेवटचा ‘स’ ऐकू येत नाही. ‘बुक्स’ हवं तिथे ‘बुक’ लिहितात आणि उत्तर चुकतं. स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’चा घोळ होतो. ऑस्ट्रेलियन माणूस ‘ए’ म्हणतो ते आपल्या कानाला ‘आय’ वाटतं, मग आडनावाचं स्पेलिंग गेलंच. यावर रोज पाच मिनिटं नावं, फोन नंबर, पत्ते ऐकून लिहायचा सराव घ्या. कंटाळवाणा आहे, पण हातात येणारे गुण आहेत.

उच्चाराबद्दल एक गैरसमज काढून टाका. मराठी वळणाच्या इंग्रजीला गुण कापत नाहीत, समोरच्याला समजलं पाहिजे एवढंच बघतात. त्यामुळे ‘ब्रिटिश अ‍ॅक्सेंट शिकवतो’ असा बोर्ड लावू नका. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ वेगळे ऐकू आले तरी खूप झालं.

निबंधात शाळेची सवय आडवी येते. आपल्याला सुविचाराने सुरुवात करून फुलोरा लावायला शिकवलंय. परीक्षकाला फुलोरा नको असतो. प्रश्नाचं थेट उत्तर, तुमची बाजू, तिची कारणं आणि एखादं उदाहरण. चार निकष आहेत आणि चारही सारख्या वजनाचे: प्रश्नाला उत्तर दिलंय का, मुद्दे जुळतात का, शब्दसंपदा, आणि व्याकरण. तपासताना या चार रकान्यांत वेगवेगळा बँड द्या. नुसतं लाल पेनाने व्याकरण रंगवलं तर तुम्ही एक चतुर्थांश कामच केलंत.

स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटं बोलणं असतं. पोरं लंडनच्या म्युझियमचं पाठ केलेलं उत्तर ठोकतात आणि दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडतात. परीक्षकाला पाठांतर लगेच कळतं. त्यापेक्षा पोराला विचारा, तू काय बघितलंयस? सांगलीच्या पोराने २०१९ चा महापूर बघितलाय, हळदीचे सौदे बघितलेत. साताऱ्याच्या पोरीला कासची फुलं आणि तिथली गर्दी माहितीय. त्यावर आधी मराठीत बोलू द्या, मग इंग्रजीत. सांगण्यासारखं असलं की वाक्य आपोआप लांब होतं.

गिऱ्हाईक कोण

मिरज. १८९४ मध्ये वॉनलेस हॉस्पिटल सुरू झालेलं गाव, दवाखाने आणि नर्सिंगचं शिक्षण तिथे जुनं आहे. कराडलाही नर्सिंगच्या मुली भरपूर. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. इथे एकूण बँडचा खेळ समजून घ्या. समजा एखादीला ६.५, ६.५, ५ आणि ७ पडले. सरासरी ६.२५, ती वर जाऊन एकूण ६.५ होते. घरी पेढे वाटतात, पण नर्सिंगसाठी तो निकाल उपयोगाचा नाही. नर्सेससाठी ओईटी नावाची वेगळी परीक्षाही चालते, तिच्यात निबंधाऐवजी पेशंटबद्दलचं पत्र लिहायचं असतं. काही मुलींना ते जास्त जमतं. दोन्हीचे नमुने एकदा लिहून घ्या आणि मग ठरवू द्या. आणि हो, त्यांच्या ड्युट्या बदलत्या असतात. ‘संध्याकाळी सहा म्हणजे सहा’ असं धराल तर अर्ध्या गळतील.

दुसरं गिऱ्हाईक वालचंद, कराडचं शासकीय इंजिनिअरिंग अशा कॉलेजांतली मास्टर्सला जाणारी पोरं. बरीच विद्यापीठं एकूण ६.५ आणि एकाही विभागात ६ च्या खाली नको असं मागतात. यांचं रीडिंग बरं असतं, अडतं रायटिंगला. एकाच विभागात थोडक्यात हुकलं तर कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना तेवढाच विभाग ६० दिवसांत परत देता येतो, पण तो निकाल आपलं विद्यापीठ मान्य करतं का ते आधी विचारून घ्यायला सांगा.

धोका आपल्या हातात नसलेला

हा धंदा दुसऱ्या देशांच्या नियमांवर चालतो. कॅनडाने विद्यार्थ्यांच्या जलद व्हिसाची एसडीएस योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला एका दिवसात बंद केली. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसाची अट ५.५ वरून ६ केली. आणि महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार झाला, तिथे जायला जर्मन लागते, इंग्रजी नाही. म्हणून एका देशाच्या नावावर क्लास काढू नका, तीन वर्षांचा भाडेकरार करू नका, पहिल्याच वर्षी एसी-फर्निचर नको. एखाद्या चालू क्लासची रिकामी खोली संध्याकाळपुरती घ्या.

व्हिसा एजंट कमिशन द्यायला येतील. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. कमिशन घेतलं की ‘तू अजून तयार नाहीस’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, त्या फंदात पडूच नका.

कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम नोंदणी मोफत, थोडीच माणसं असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना, व्यवसाय कर, आणि उलाढाल २० लाखांवर गेली की १८ टक्के जीएसटी. जाहिरातीत ‘७ बँडची गॅरंटी’ लिहू नका. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, यशस्वी विद्यार्थ्याचा फोटोसुद्धा निकालानंतर त्याच्या संमतीनेच वापरायचा. तुमचा क्लास लहान असला तरी तसंच वागा. आणि स्वतः एकदा परीक्षा द्या. १७-१८ हजार जातील, पण त्या खुर्चीत बसल्याशिवाय तिथे काय होतं ते सांगता येत नाही.

शेवटचं, पहिल्या दिवशीची चाचणी. ती फुकट घ्या आणि निकाल आई-वडिलांसमोर सांगा. समजा मुलगी साडेचारवर आहे, हवेत साडेसहा, आणि वडील म्हणतायत दोन महिन्यांत करून द्या, कर्जाची फाइल बँकेत आहे. तेव्हा बोलायचं, ‘काका, पोरगी मेहनती आहे, पण एवढी उडी दोन महिन्यांत होणार नाही. परीक्षेचे पैसे आत्ता भरू नका. तीन महिने साधं इंग्रजी करू, महिन्याला पंधराशे द्या, मग परत चाचणी घेऊ. ५.५ च्या पुढे गेली तरच मोठ्या बॅचची फी घेईन.’ काही जण उठून दुसऱ्या क्लासला जातील, जाऊ द्या. जे थांबतील त्यांचा चाचणीचा कागद तारीख टाकून फाइलला लावा. तीन महिन्यांनी दुसरा कागद त्याच्या शेजारी ठेवायचा आहे.