यंत्रांची निद्रा आणि तिची शिस्त

लॅपटॉप मिटला म्हणजे तो निजला, असे आपण धरून चालतो. परंतु कधी कधी दप्तरातून काढावा तो तापलेला, आणि बॅटरी संपलेली! तो निजलाच नव्हता. असे का व्हावे?

संगणकाच्या सर्व कारभारावर देखरेख करणाऱ्या मुख्य कार्यक्रमास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पडदा, डिस्क, कळफलक अशा एकेका उपकरणाची भाषा जाणणारा कार्यक्रम तो ड्रायव्हर. निजावयाचे केव्हा, हे सिस्टीमने ठरवावयाचे. कसे, ते ड्रायव्हरलाच ठाऊक. म्हणून या दोघांत करार हवा. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय ही नियमावली प्रसिद्ध केली आणि निजवण्याची सूत्रे सिस्टीमच्या हाती आली.

करारात पहिला प्रश्न क्रमाचा. कामरेजच्या आपल्या शाळेत सायंकाळी आधी वर्ग बंद होतात, शेवटी फाटक. सकाळी याच्या उलट. यूएसबी हबला जोडलेला कळफलकही हबच्या आधी निजतो, आणि उठताना हब आधी उठते. हा क्रम लिनक्समध्ये सिस्टीमचा गाभाच सांभाळतो. प्रत्येक ड्रायव्हरवर तो भार टाकलेला नाही, हे मला शहाणपणाचे वाटते.

दुसरा प्रश्न नकाराचा. ड्रायव्हरला 'आता निजता येत नाही' असे कळवता येते. मग झोप रद्द होते व निजलेली उपकरणेही पुन्हा उठवली जातात. ही मुभा आवश्यक आहे. मात्र एखादा ड्रायव्हर विनाकारण नकार देऊ लागला, तर सारे यंत्रच जागे राहते. दप्तरातील उष्णतेचे हे एक कारण होय.

यंत्र जागे असतानाही रिकामे उपकरण निजू शकते. राफाएल विसोत्स्की यांनी रचलेली तशी व्यवस्था लिनक्सच्या डिसेंबर 2009 च्या 2.6.32 या आवृत्तीत आली. उपकरण वापरावयास घेताना एक आकडा एकाने वाढवावयाचा, काम होताच एकाने घटवावयाचा. शून्य झाला की उपकरणास निजण्याची मोकळीक. घटवण्याचे राहिले, तर ते जागेच! (आमच्या कोकणीत निजण्यास 'न्हिदप' म्हणतात, या उपकरणाच्या नशिबी ते नाही.) शून्य होताच तात्काळ निजवणेही नेहमी हिताचे नसते, कारण पुनःपुन्हा उठवण्यात वेळ व वीज खर्च होते. यास्तव थोडा अवकाश जाऊ देण्याची तरतूद आहे. तो किती असावा, हे उपकरणागणिक ठरते. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच असल्याने हा हिशेब घरोघरच्या फोनमध्ये दिवसभर चालू असतो.