काकांच्या स्लाइड्स गुलाबी का पडल्या?

प्रश्न : आमचे थोरले काका इथल्या गिरणीत इंजिनिअर होते. 1970 च्या दशकात यंत्रं पाहण्यासाठी त्यांना जर्मनीला पाठवलं होतं. परत आल्यावर भिंतीला पांढरी चादर लावून ते आख्ख्या गल्लीला स्लाइड दाखवत. माळ्यावर त्या स्लाइडचे डबे नुकतेच सापडले. काही स्लाइड गुलाबी झाल्या आहेत, काहींचे रंग मात्र काल काढल्यासारखे आहेत. असं का? आणि त्या काळी लोक साधे फोटो न काढता स्लाइड का काढत? काकांनी आता ऐंशी ओलांडली आहे. (एक वाचक, साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न घेऊ. साध्या रंगीत फोटोला दोन टप्पे लागत. आधी निगेटिव्ह आणि मग तिच्यावरून कागदावर प्रिंट. स्लाइडला एकच. कॅमेऱ्यात घातलेली फिल्मच धुऊन झाल्यावर चित्र होते. त्या 24 बाय 36 मिलिमीटरच्या तुकड्याला पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चौकट बसवली की काम झालं. प्रत्येक चित्राच्या रंगीत प्रिंटचा खर्च वाचे, आणि प्रोजेक्टर असला की तेच चित्र भिंतभर दिसे. परदेशाहून आलेल्या माणसाला शंभर जणांना एकदम काही दाखवायचं असेल, तर त्या काळात याहून सोयीचं दुसरं साधन नव्हतं.

पडद्यावर चित्र आणि शेजारी उभा राहून बोलणारा माणूस, ही रीत आपल्याकडे आणखी जुनी आहे. 1890 च्या दशकात कल्याणचे महादेव पटवर्धन काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडानं पडद्यावर पाडत आणि निवेदन-संगीतासह पौराणिक कथा सांगत. त्या खेळाचं नाव होतं ‘शांबरिक खरोलिका’. तुमच्या काकांनी गल्लीत मांडलेला खेळ त्याच जातीचा. फरक इतकाच की तिथे रामकथा होती, इथे जर्मनी.

आता रंगांबद्दल. रंगीत फिल्ममध्ये तीन मुख्य थर असतात. धुतल्यावर त्यांत पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी निळा असे तीन रंग तयार होतात. त्या काळच्या बहुतेक फिल्ममध्ये रंग घडवणारी रसायनं थरांतच मिसळलेली असत. त्यातून होणारा मोरपंखी निळा कच्चा होता. डबा बंद असला, उजेड लागला नाही, तरी नुसत्या उष्णतेनं आणि दमटपणानं तो उडत जातो. निळा गेला की किरमिजी वरचढ होतो आणि आकाशासकट सगळं चित्र गुलाबी दिसू लागतं. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात, त्यातून पत्र्याखालच्या माळ्यावर, हे लवकर घडतं.

ज्या स्लाइड ताज्या दिसतात त्या बहुधा कोडाक्रोम असाव्यात. चौकटीवर तसं छापलेलं असतं. ही फिल्म 1935 मध्ये बाजारात आली. हिच्यात रंग घडवणारी रसायनं फिल्ममध्ये नसत, ती धुण्याच्या वेळी बाहेरून दिली जात आणि उरलेली धुऊन निघत. त्यामुळे अंधारात ठेवलेले तिचे रंग अनेक दशकं टिकतात. मात्र ते धुणं इतकं किचकट होतं की फार थोड्या प्रयोगशाळांना जमे. 2009 मध्ये कोडॅकनं ही फिल्म बनवणं थांबवलं, आणि 2010 च्या अखेरीला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या प्रयोगशाळेनं रोल घेणं बंद केलं. एक सावधगिरी घ्या. अंधारात टिकणारी ही कोडाक्रोम प्रोजेक्टरच्या प्रखर दिव्यापुढे मात्र इतर काही फिल्मपेक्षा लवकर फिकी पडते. हौसेनं ती पुन्हा पुन्हा लावू नका.

काय करावं? डबे आजच माळ्यावरून खाली आणा आणि घरातल्या थंड, कोरड्या कपाटात ठेवा. पांढरट बुरशी दिसली तर पाणी लावू नका, कारण फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि पाण्यानं तो खराब होऊ शकतो. स्लाइड स्कॅन करून घ्या. इंचाला 4000 बिंदूंनी स्कॅन केल्यास एका स्लाइडचे सुमारे 2 कोटी बिंदू मिळतात, मोठ्या छपाईलाही ते पुरतात. गुलाबी स्लाइडमध्येही थोडा निळा उरलेला असतो, म्हणून संगणकावर रंग बऱ्याच अंशी सावरता येतात. स्कॅन झाल्यावर मूळ स्लाइड टाकून देऊ नका.

पण माझ्या मते तातडीचं काम वेगळंच आहे. रंग सावरता येतील, पण चित्रात कोण उभं आहे, गाव कोणतं, हे कोणताही संगणक सांगणार नाही. सोलापूरकरांसमोर याचं मोठं उदाहरण आहे. आपल्या शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चार सहकारी डॉक्टरांबरोबर युद्धग्रस्त चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. ते सहलीला गेले नव्हते, आणि परत येऊन काही सांगणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तरी त्यांचे तिथले दिवस आज आपल्याला कळतात, कारण सहकारी डॉ. बसू रोजनिशी लिहीत आणि पत्नी कुओ छिंगलान यांनी पुढे आठवणी लिहिल्या. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात छायाचित्रं पाहताना आपल्या मनात जी हकिगत जुळत जाते, ती अशा लिहिणाऱ्यांमुळे. उलट, पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ आठवा. 1960 मध्ये पुस्तक निघालं ते शि. द. फडणीसांच्या रेखाचित्रांसह. फोटो नसतानाही मराठी वाचकानं विलायत पाहिली, कारण सांगणारा तोलामोलाचा होता.

म्हणून स्कॅनरकडे जाण्याआधी काकांकडे जा. एकेक स्लाइड उजेडासमोर धरा आणि विचारा : हे गाव कोणतं, ही माणसं कोण, तिथे जेवणाचं काय करायचात, कोणतं यंत्र पाहून थक्क झालात, घरची आठवण कधी आली? ते बोलत असताना मोबाइलवर आवाज टिपून ठेवा आणि प्रत्येक स्लाइडला क्रमांक देऊन तोच क्रमांक बोलण्यात उच्चारा. ज्या गल्लीनं ती चादरीवरची जर्मनी पाहिली, तिथली वडीलधारी माणसंही बोलवा, त्यांना आठवेल ते काकांना आठवणार नाही. स्लाइड आणखी काही वर्षं थांबतील. काकांचं बोलणं मात्र या रविवारीच टिपायला बसा.