भात आहे, गिरणी नाही : संगणकाच्या एका अडचणीचा पाठ

शहापूर व मुरबाड या भातपिकाच्या तालुक्यांत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : कणगी भाताने भरलेली असली, तरी तो भरडल्याशिवाय तांदूळ हाती येत नाही. संगणकातील एक नित्याची अडचण समजून घेण्यास आम्हांस हाच दाखला पुरेसा वाटतो.

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही मिळू शकते. ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत असते. यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत तिचे रूपांतर कंपायलर करतो. विद्यार्थी संहिता उतरवून घेतो, ‘कॉन्फिगर’ चालवितो आणि पडद्यावर ‘योग्य सी कंपायलर सापडला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश उमटतो. आपलेच काही चुकले असे समजून मूल येथेच उठून जाते, असे आम्ही पाहिले आहे. वस्तुतः चूक त्याची नसते, संहितेचीही नसते. गिरणी नसते, इतकेच.

अशा वेळी क्रमाने पाहावे. आज्ञा इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात. प्रथम ‘जीसीसी --व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. आवृत्तीचा क्रमांक दिसला, तर कंपायलर आहे. खरे कारण ‘कॉन्फिग.लॉग’ या नोंदीच्या फाइलमध्ये शोधावे. आज्ञाच सापडली नाही असे उत्तर आले, तर कंपायलर बसविलेला नाही, किंवा यंत्र ज्या फोल्डरांत आज्ञा शोधते त्या ‘पाथ’च्या यादीबाहेर तो आहे. उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ व त्यानंतर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ या आज्ञांनी जीसीसी, मेक व त्यांस लागणाऱ्या मूलभूत फाइली एकत्र येतात. यासाठी सामान्यतः इंटरनेट व प्रशासकाचा अधिकार लागतो. त्यानंतर ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवावे.

इतिहास सांगतो की गिरणी सर्वांना सदैव खुली नव्हती. १९९० च्या दशकाच्या आरंभी सन कंपनीने सोलारिस प्रणालीसोबत कंपायलर देणे थांबविले. तो वेगळा विकत घ्यावा लागे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्येच जीसीसी सर्वांसाठी खुला केला होता. पुष्कळांनी त्याचा आधार घेतला. आज अनेक लिनक्स प्रणालींत तो आरंभी नसतो, कारण बहुतेकांना तयार तांदूळ पुरतो. परंतु मागितला की विनामूल्य मिळतो. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी भाषेचे पाठ मराठीतही आहेत.

ज्ञान खुले असणे आणि ते वापरता येणे, यांत एका साधनाचे अंतर असते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : शाळेस संगणक द्याल, तेव्हा त्यात कंपायलर बसवून द्या. आणि पालकहो, मूल पडद्यासमोरून निराश होऊन उठले, तर त्यास एवढेच सांगा : तो संदेश आधी शेवटपर्यंत वाच.