आच मोठी केली म्हणून डाळ लवकर शिजत नाही

पोरी, स्वयंपाक तुला येतोच. मी सांगतेय ते वेगाचं. शिजणं, आंबणं, खवट होणं, काळं पडणं या सगळ्या रासायनिक क्रियाच, आणि त्यांना पळवायचं की थोपवायचं हे बरंचसं आपल्या हाती असतं.

पातेल्यातलं पाणी एकदा खळखळ उकळलं की गॅस मोठा ठेवू नकोस. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. जास्तीच्या आचेची नुसती वाफ होते. वेग वाढतो तो तापमानाने, ज्योतीने नाही. दर १० अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो, असा ढोबळ हिशेब आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे डाळ साधारण चौपट लवकर शिजायला हवी, आणि शिजतेही. पण शिट्टी झाली की गॅस बारीक कर, आतलं तापमान तेवढंच राहतं. महाबळेश्वरला, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे कुकरशिवाय डाळ लावूच नये.

चिंच, कोकम, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घाल. आंबटाने डाळीतलं पेक्टिन सुटत नाही आणि ती टचटचीत राहते. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं. चिमूटभर सोड्याने काम भराभर होतं खरं, पण त्याने ब१ जीवनसत्त्व जातं. रोजच्या वरणात सोडा मला मुळीच मान्य नाही.

दळण थोडं थोडं आण. गहू वर्षभर टिकतात, कारण दाण्यातलं तेल सालीआड असतं. दळलं की त्याला सगळीकडून हवा लागते. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण, पुढे ते कडवट होतं. वांगी चिरल्याबरोबर पाण्यात टाकायची तीही हवा लागू नये म्हणूनच.

मटणाला कच्ची पपई लावलीस तर घड्याळाकडे लक्ष ठेव. तिच्यातलं विकर थोडंसंच असलं तरी मांसातली प्रथिनं तोडत राहतं, आणि रात्रभर ठेवलं तर मटणाचा पार गाळ होतो.

दह्याला दूध कोमटच हवं. कढत दुधात विरजणातले जिवाणू मरतात. थंडीत विरजण जरा जास्त घाल आणि भांडं उबेला ठेव, उन्हाळ्यात अर्धा चमचा पुरे. दही लागलं की लगेच फ्रीजमध्ये ठेव. गारठ्याने जिवाणूंचं काम थांबत नाही, मंदावतं. म्हणून फ्रीजमधलं दहीही चार दिवसांनी आंबट लागतं.