पिल्लू मेले, पण कशाने?



तुमच्या देणगीतून गेल्या जानेवारीत पाटण तालुक्यातील एका कातकरी वस्तीवर एक दिवसाची पिल्ले वाटली. ती सांगली जिल्ह्यातून टेम्पोने आणली होती. तिथल्या एका विधवा भगिनीची वीसपैकी चौदा पिल्ले चार दिवसांत मेली. पिल्लांच्या बुडाला पांढरी विष्ठा चिकटलेली पाहून मी रोगच ठरवला आणि दुकानातून आणलेली पावडर पाण्यातून दिली. मर थांबली नाही. "हिला सांभाळता येत नाही," असे लोक म्हणू लागले. खरे सांगतो, मलाही तसेच वाटले.

शेवटी नुकतेच मेलेले एक पिल्लू पिशवीत घालून, बर्फावर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी विचारले, "रात्री पिल्ले कशी बसतात?" ती एकमेकांवर चढून बसत. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. आम्ही बल्ब दिला होता, पण तिच्या झोपडीत वीजच नव्हती. शवविच्छेदनात पोटातला बलक न जिरलेला आढळला. पिल्ले गारठून मेली होती. चूक तिची नव्हती, आमची होती.

म्हणून औषधाआधी एवढे पाहावे:

1. पिल्ले कशी बसतात? गोळा होऊन बसली तर थंडी. चोच उघडून उबेपासून लांब पळाली तर उष्णता जास्त.

2. वय किती? पहिल्या काही दिवसांतील मर बहुधा गारठा, प्रवासाचा ताण किंवा बेंबीच्या संसर्गाने होते. पांढरी हगवण आजारी कोंबडीकडून अंड्यातूनही येते.

3. विष्ठेत रक्त आहे का? तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण आणि खाली ओला भुसा असेल, तर कॉक्सिडिओसिसचा संशय घ्यावा.

4. धाप, हिरवट हगवण, वाकडी मान? ही राणीखेत, म्हणजे मानमोडीची लक्षणे. तिच्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लस द्यावी.

एकाएकी पुष्कळ पक्षी मेले, तर ते उघडू नयेत, विकू नयेत. दवाखान्याला लगेच कळवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरची मर आधी राणीखेतचीच वाटली होती. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर ती देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ ठरली. नुसत्या डोळ्यांनी रोग ओळखता येतोच असे नाही.

आपल्या कळपाची स्थिती नीट जाणून घ्या, असे नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायात सांगितले आहे. कळपाबरोबर कळप राखणाऱ्याचे घरही पाहायला हवे, हे मी या भगिनीकडून शिकलो. तिची क्षमा मागितली. आता वीज नसलेल्या घरी आम्ही चार आठवडे वाढवलेली, लस दिलेली पिल्लेच देतो. खर्च जास्त येतो, म्हणून पिल्ले कमी वाटली जातात. हा बदल तुम्ही समजून घ्याल, अशी आशा आहे.

तिची उरलेली सहा पिल्ले जगली. त्यांतल्या दोन कोंबड्या आता अंडी घालतात.