हाडाचा सातबारा

सॉरोपॉडचं अस्सल हाड कुठे मिळेल, असं मला विचारणारे मराठी मित्र अलीकडे वाढले आहेत. कोणाला मुलीच्या वाढदिवसासाठी हवं असतं, कोणाला दिवाणखान्यात ठेवायला. मी डेन्व्हरला राहतो. इथून पश्चिमेला निघालं की कोलोरॅडो, युटा, वायोमिंगमध्ये मॉरिसन नावाचे खडक ठिकठिकाणी उघडे पडलेले दिसतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या गाळात अॅपॅटोसॉरस, डिप्लोडोकस, कॅमारासॉरस अशा सॉरोपॉडांची, म्हणजे अजस्र शाकाहारी डायनोसॉरांची, हाडं आहेत, आणि ती विकतही मिळतात. म्हणूनच सांभाळून घ्यावी लागतात.

टुसॉनला दर हिवाळ्यात खनिजांची आणि जीवाश्मांची मोठी जत्रा भरते. हॉटेलांच्या खोल्यांतून, तंबूंतून दुकानं थाटलेली असतात. तिथे मी शेपटीचा एक मणका घेतला. देखणा होता, वरचा काटा शाबूत, रंग काळपट तपकिरी. पावतीवर एवढंच होतं: कॅमारासॉरस, युटा. घरी आणून अतिनील टॉर्चखाली धरला, तर काटा आणि मणक्याचं धड यांच्यामध्ये निळसर पांढरा पट्टा उजळला. गोंद आणि लांबी, वरून रंगाचा हात. धड एका प्राण्याचं, काटा दुसऱ्याच्या कुठल्याशा हाडाचा तुकडा. दोन्ही भाग खरे जीवाश्म होते, पण असा मणका कुठल्याच जनावराच्या अंगात कधी नव्हता.

याहून मोठं नुकसान नंतर कळलं. एका संग्रहालयातल्या संशोधिकेला मी तो दाखवायला नेला. धडाच्या बाजूला एक खळगा होता, तो तिला वेगळा वाटला. तिने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, कुठल्या खाणीतला? मी विक्रेत्याला फोन केला. एका मोठ्या लॉटमध्ये आला होता, यापलीकडे त्याला सांगता येईना. तिने मणका माझ्या हातात परत ठेवला. कुठल्या थरातला, शेजारी आणखी काय होतं, बाकीचा सांगाडा कुठे गेला, यातलं काहीच सांगता येत नसेल तर संशोधनाला त्याचा उपयोग होत नाही. मला त्या क्षणी पैशांचं काही वाटलं नाही. एक आख्खा प्राणी सुटा करून विकला गेला होता, आणि आता तो कोणालाच जुळवता येणार नव्हता, याचं वाईट वाटलं.

नोंदींची किंमत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाकडे पाहिल्यावर कळते. तिथल्या अॅपॅटोसॉरसच्या मानेवर कित्येक दशकं भलतंच डोकं होतं, कॅमारासॉरससारखं. १९७९ साली ते उतरवून योग्य डोकं बसवलं. हे शक्य झालं, कारण हा सांगाडा अर्ल डग्लस यांनी युटात १९०९पासून खणलेल्या ज्या खाणीतला, तिच्या जुन्या नोंदी आणि पत्रव्यवहार शिल्लक होता. कवटी सांगाड्याच्या जवळ कुठे मिळाली, हे कोणीतरी त्या वेळी लिहून ठेवलं होतं.

म्हणून मी आता हाडाआधी त्याचा सातबारा मागतो. कुठली काउंटी, कोणाचं रँच, कोणत्या वर्षी काढलं, कोणी काढलं, जमीनमालकाची लेखी परवानगी आहे का. अमेरिकेत खासगी जमिनीवरचं हाड मालकाच्या संमतीने काढता आणि विकता येतं. केंद्र सरकारच्या जमिनीवर मात्र पृष्ठवंशी प्राण्याच्या हाडाचा उघड्यावर पडलेला तुकडासुद्धा परवान्याशिवाय उचलता येत नाही. परवाना संशोधनासाठीच मिळतो आणि हाड जनतेच्याच मालकीचं राहतं. २००९च्या कायद्यात विनापरवाना उचलण्याला दंड आणि तुरुंगवास आहे. कागद नसलेलं हाड चोरीचं असू शकतं. विक्रेता कुरकुरला, तर सरळ पुढच्या टेबलाकडे जा.

पाहायचं कसं? तुटलेली कड शोधा आणि दहापट भिंगाखाली धरा. हाडात आत जाळी दिसते. सॉरोपॉडच्या मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांत तर पातळ भिंतींच्या मोठमोठ्या हवेच्या पोकळ्या असतात. जिथे जाळी अचानक थांबून गुळगुळीत एकसारखा पृष्ठभाग सुरू होतो, तिथे बहुधा भर घातलेली असते. स्वतःचीच भेग गोंदाने सांधलेली असणं गैर नाही, ते सांगितलं पाहिजे एवढंच. नवशिक्याने आख्ख्या मणक्याच्या नादी लागू नये. फासळीचा नाहीतर मांडीच्या हाडाचा, काही न भरलेला, जागेची नोंद असलेला लहान तुकडा घ्यावा. मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. मॉरिसनच्या थरात युरेनियम आहे; भूजलातून ते हाडांत साचतं, त्यामुळे काही हाडं किरणोत्सारी असतात. घेण्याआधी गायगर काउंटर फिरवा. असं हाड निजायच्या खोलीत नको, बंद कपाटातही नको, कारण तिथे रेडॉन वायू कोंडतो. हाताळल्यावर हात धुवा, घरात घासू-कापू नका. खरं हाड जिभेला चिकटतं म्हणून चाटून पाहतात, ते तर मुळीच करू नका.

चंद्रपूरकडचे नातेवाईक मला पिजदुऱ्याच्या शेतात सापडलेल्या तुकड्यांचे फोटो पाठवतात. त्यांना मी सांगतो, उचलू नका. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका सॉरोपॉडचा सांगाडा मिळाला, त्याचे मणके बरेचसे जागच्या जागी होते. जैन आणि बंदोपाध्याय या संशोधकांनी १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि २००३मध्ये त्याला कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून इसिसॉरस हे नाव मिळालं. गावच्या पोरांनी एकेक मणका घरी नेला असता, तर हा प्राणी आपल्याला कळलाच नसता. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा, शेतमालकाला सांगा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. हे पावसाळ्याआधी करा. एका जोरदार सरीत ओढ्याकाठची हाडं वाहून जातात.